योग्य पर्याय निवडा, पण कुणाचा?

'पीतांबर' या शब्दाचा समास ओळखा. पर्याय : (१) कर्मधारय (२) बहुव्रीही (३) द्विगू (४) द्वंद्व.

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तेवढा वेळ घ्या आणि सांगा.

घाई करू नका, कारण या प्रश्नाला उत्तर नाही. 'पीत असे अंबर', म्हणजे पिवळं वस्त्र, असा विग्रह केला तर कर्मधारय. 'पीत आहे अंबर ज्याचे तो', म्हणजे विष्णू, असा केला तर बहुव्रीही. भटजी पीतांबर नेसून पूजेला बसले तर पहिला. पीतांबराला तुळस वाहिली तर दुसरा. शब्द एकच, समास दोन, आणि कुठला ते वाक्य ठरवणार. प्रश्नात वाक्यच नाही. तरीही बाजारातल्या कुठल्याही 'संपूर्ण मराठी व्याकरण' छापाच्या पुस्तकात या जातीचे प्रश्न शेकड्यानं सापडतील, आणि मागच्या पानावर प्रत्येकाचं एकच उत्तर ठामपणे छापलेलं असेल. या पुस्तकात १, शेजारच्या पुस्तकात २.

माझा मामेभाऊ सरळसेवा भरतीची तयारी करतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, व्याकरणाचा प्राध्यापक नाही. पण घरातला 'शिकलेला दादा' म्हणून अशा दोन पानांचे फोटो रात्री अकराला माझ्या व्हॉट्सॲपवर येतात. त्याखाली कायम एकच ओळ असते : "दादा, कुठलं धरू?"

हा 'धरू' नीट ऐका. 'बरोबर काय आहे' असं तो विचारत नाही. अभ्यासिकेत कुणीच तसं विचारत नाही. 'आयोग काय धरतो', 'सर काय धरायला सांगतात', 'मागच्या वेळी काय धरलं होतं' एवढंच विचारलं जातं. ज्या भाषेत आपण जन्मलो, भांडलो, प्रेमात पडलो, तिच्याबद्दलचा प्रश्न समोर आला की लाखभर तरुण पोरं-पोरी स्वतःच्या कानाकडे आणि डोक्याकडे जात नाहीत, उत्तरतालिकेकडे जातात. माझं म्हणणं असं आहे की ही उत्तरतालिका त्या विश्वासाला लायक नाही. आणि ती सुधारूनही फारसा उपयोग नाही, कारण गडबड त्याच्या आधी, प्रश्नातच आहे.

छपाईची चूक आणि प्रश्नाची चूक

छपाईची चूक समजण्यासारखी असते. ३ च्या जागी २ पडला, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केला, विषय संपला. व्याकरणाच्या प्रश्नांत मात्र असे तीन-चार प्रकार आहेत जिथे कितीही काळजीपूर्वक छापलं तरी उत्तर डळमळीतच राहतं. एकेक बघू.

पहिला प्रकार पीतांबराचा : संदर्भाशिवाय विचारलेला शब्द. "'मागे' हा शब्द कोणत्या जातीचा?" 'तो मागे बसला' यात क्रियाविशेषण अव्यय, 'घरामागे विहीर आहे' यात शब्दयोगी अव्यय. शब्दाची जात त्याच्या कपाळावर कोरलेली नसते, वाक्यात तो काय काम करतो त्यावर ती ठरते. हे प्रत्येक व्याकरणाच्या पुस्तकात पहिल्या काही पानांत लिहिलेलं असतं, आणि त्याच पुस्तकाच्या सराव प्रश्नसंचात ते विसरलेलं असतं.

दुसरा प्रकार : अभ्यासकांचंच एकमत नाही अशा गोष्टी. 'तू पुस्तक वाचलेस' याचा प्रयोग कोणता? क्रियापदातला 'ले' कर्माकडून आला आहे : पुस्तक वाचले, गोष्ट वाचली, निबंध वाचला. शेवटचा 'स' मात्र कर्त्याकडून आला आहे, 'तू' कडून. म्हणून काही पुस्तकं याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. काही पुस्तकं संकराचा वेगळा कप्पा न करता सरळ कर्मणी म्हणतात. दोन्ही मांडण्यांना बाजू आहे. पण परीक्षेत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी देऊन 'एक निवडा' म्हटलं, तर तो भाषेचा प्रश्न उरत नाही. तुमच्या टेबलावर कुठल्या लेखकाचं पुस्तक आहे, हा प्रश्न होतो.

तिसरा प्रकार : वर्षागणिक बदलणारं उत्तर. मराठी वर्णमालेत वर्ण किती? शाळेच्या जुन्या हिशेबानं १२ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजनं, एकूण ४८. शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा अद्ययावत तक्ता काढला, त्यात ॲ आणि ऑ यांना जागा मिळाली, म्हणजे ५०. क्ष आणि ज्ञ हे वेगळे मोजले तर ५२. तिन्ही आकडे छापील पुस्तकांत आहेत. तीनही पर्याय एकाच प्रश्नात देणारे महाभागही आहेत. प्रश्नात 'कुठल्या मोजणीनुसार' हे दोन शब्द घातले असते तर वाद मिटला असता. पण वाद मिटला तर प्रश्न 'ट्रिकी' कसा राहणार?

रडूने ऐकलेली बातमी

चौथा प्रकार मला सगळ्यात जास्त खुपतो : युक्तीलाच नियम समजणं.

वाक्यातला कर्ता कसा शोधायचा? शाळेपासून एक युक्ती शिकवतात. क्रियापदातला धातू घ्या, त्याला 'णारा' लावा आणि 'कोण?' असं विचारा. 'राम आंबा खातो' : खाणारा कोण? राम. छान. 'मला थंडी वाजते' : वाजणारी कोण? थंडी. म्हणून थंडी कर्ता. इथवरही ठीक, क्रियापद थंडीप्रमाणे चालतं.

आता हे वाक्य घ्या : 'बातमी ऐकून त्याला रडू आलं.' येणारं कोण? रडू. म्हणजे कर्ता रडू. मग बातमी कोणी ऐकली? 'ऐकून' या रूपाचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता साधारणपणे एकच असतो. 'तो जेवून झोपला' यात जेवणारा आणि झोपणारा एकच. त्या हिशेबानं बातमी रडूने ऐकली असं म्हणावं लागेल! साहजिकच, बातमी 'त्याने' ऐकली. म्हणजे क्रियापदाचं रूप रडूप्रमाणे चालतं, पण कर्तेपणाचा निदान काही भाग 'त्याला' कडे आहे. मराठीत आवडणं, वाटणं, दिसणं, सुचणं, भूक लागणं अशी ढीगभर क्रियापदं याच घडणीची आहेत. ही गंमत आहे. यावर भाषेच्या वर्गात तासभर हाणामारी होऊ शकते, व्हायला हवी.

मार्गदर्शक पुस्तकात काय होतं? 'मला दूध आवडते. कर्ता ओळखा.' उत्तर : दूध. स्पष्टीकरण : आवडणारे कोण? दूध. दुसऱ्या पुस्तकात उत्तर : मला. स्पष्टीकरण : आवडण्याची क्रिया कोणाच्या बाबतीत घडते? माझ्या. दोन्ही लेखकांनी आधी उत्तर धरलंय आणि मग त्याला साजेसा प्रश्न विचारलाय. गुन्हेगार आधी ठरवायचा आणि पंचनामा नंतर लिहायचा, तसं.

या 'स्पष्टीकरणासह' पुस्तकांचा सध्या सुळसुळाट आहे, मुखपृष्ठावर पिवळ्या चौकटीत तसं छापतातही. पण उत्तर चुकलं असताना स्पष्टीकरण असणं हे नसण्यापेक्षा वाईट. नुसता '३' छापला असेल तर तुम्हाला निदान शंका येते. त्याखाली चार ओळींचं कारण असलं की शंका मरते. आता तर मुलं मोबाइलवर चॅटबॉटला विचारतात. तोही तितक्याच गोड आत्मविश्वासानं स्पष्टीकरण देतो, आणि 'नक्की ना?' विचारलं की माफी मागून तितक्याच आत्मविश्वासानं उलट उत्तर देतो. पुस्तक निदान माफी मागत नाही.

उत्तरतालिका कुठून येते

आमच्या कामात टेस्ट केस नावाचा प्रकार असतो. प्रोग्रामला अमुक इनपुट दिलं की तमुक आउटपुट यायला हवं, असं आधी लिहून ठेवतात. टेस्ट नापास झाली तर नवशिका प्रोग्राम बदलायला धावतो. अनुभवी माणूस आधी विचारतो : टेस्टमध्ये लिहिलेलं अपेक्षित उत्तर बरोबर आहे का? कुणी लिहिलं, कधी, कशाच्या आधारावर? उत्तर बदललं असेल तर कधी बदललं याची नोंद असते, बदलणाऱ्याचं नाव असतं. यातली एकही गोष्ट तयारीच्या पुस्तकांना लागू नाही.

मागच्या परीक्षांचे प्रश्न पुस्तकांत येतात. लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, हरकती मागवतो, मग अंतिम उत्तरतालिका काढतो. मधल्या काळात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. पुस्तकवाल्यानं पहिली तालिका उचलली असेल तर रद्द झालेला प्रश्नसुद्धा पुस्तकात 'महत्त्वाचा' म्हणून जिवंत राहतो. प्रश्नपत्रिकेचे अ, ब, क, ड असे संच असतात आणि त्यात प्रश्नांचा क्रम वेगळा असतो. प्रश्न एका संचातून आणि उत्तरं दुसऱ्या संचातून घेतली की पानभर उत्तरं एका फटक्यात बिघडतात. मग त्या पुस्तकावरून दुसरं, त्यावरून टेलिग्रामवरची पीडीएफ, पीडीएफवरून क्विझ ॲप. चौथ्या पिढीला ती चूक 'सगळीकडे हेच उत्तर दिलंय' या पुराव्यासह पोचते. चार ठिकाणी एकच उत्तर दिसलं म्हणजे चार साक्षीदार मिळाले, असं नसतं. बऱ्याचदा साक्षीदार एकच असतो, बाकीचे तीन झेरॉक्स.

त्यात फाँटचा घोळ. मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं जुन्या, यूनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवली गेली. तो मजकूर यूनिकोडमध्ये आणताना सगळ्यात आधी बळी जातो तो आपल्या चंद्रकोरीसारख्या 'ऱ' चा. सरकारी आणि बातम्यांच्या संकेतस्थळांवर 'शेतक-यांना' असं मध्येच आडवी रेघ असलेलं रूप तुम्ही शेकडो वेळा पाहिलं असेल. तो हाच अपघात. बातमीत ते चालून जातं, वाचणारा समजून घेतो. पण प्रश्नच असा असेल की 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक सांगा, किंवा 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांपैकी स्वयंपाकी कोण आणि गुरू कोण? तिथे रूपांतरात दोन्ही एकसारखे झाले की चारही पर्याय एकच होऊन बसतात. 'शुद्ध शब्द ओळखा' या प्रकारात तर अख्खा प्रश्न एका वेलांटीवर उभा असतो. ती वेलांटी टंकलेखकाच्या हातून हलली की मुलगा आयुष्यभरासाठी चुकीचा शब्द 'पाठ' करतो.

आणि मुखपृष्ठावर काय लिहिलेलं असतं? 'अत्यंत महत्वाचे प्रश्न'. महत् आणि त्व मिळून 'महत्त्व', दोन त. आत पान उघडा, 'शुद्ध शब्द ओळखा' मध्ये हाच शब्द विचारलेला असतो. ज्या पुस्तकाला स्वतःचं मुखपृष्ठ सोडवता येत नाही, त्याच्या मागच्या पानावर आपण नोकरी टांगून ठेवतो.

एका गुणाचं गणित

'एखाद्या प्रश्नानं काय होतंय' असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. एक गुणाचा प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा. सीमाचं उत्तर खरोखर बरोबर आहे, संदीपचं चूक. न्यायानं सीमाला १, संदीपला वजा ०.२५, ती १.२५ गुणांनी पुढे. उत्तरतालिकाच चुकली तर आकडे नेमके उलटतात, आणि ती १.२५ गुणांनी मागे पडते. म्हणजे एका चुकीच्या उत्तरानं दोघांमधलं अंतर २.५ गुणांनी फिरलं. असे दोन प्रश्न असले तर ५ गुण. २०२३ च्या तलाठी भरतीला दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते आणि जागा पाच हजारही नव्हत्या. अशा गर्दीत गुणवत्ता यादी दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर तुटते. तिथे २.५ गुण म्हणजे कुणाचं तरी अख्खं वर्ष, आणि वयोमर्यादा जवळ आली असेल तर उरलेली सगळी वर्षं.

मग हरकत घ्या की! घेतात पोरं. काही परीक्षांत प्रत्येक हरकतीमागे शुल्क भरतात, संदर्भ म्हणून व्याकरणाच्या पुस्तकाच्या पानाचे फोटो जोडतात. पण इथेच व्याकरणाची खरी मेख आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या खटल्यात उत्तरतालिका कशी तपासायची याची कसोटी घालून दिली. तिचा सारांश असा : उत्तरतालिका बरोबर आहे असं गृहीत धरायचं, ती चूक आहे हे स्वच्छ दिसायला हवं, इतकं की त्या विषयातल्या कुठल्याही समंजस जाणकारांना ती बरोबर वाटणार नाही. त्या खटल्यात विद्यार्थी जिंकले, कारण मान्य पाठ्यपुस्तकं त्यांच्या बाजूनं होती. प्रश्न संदिग्ध नसावेत, अशी अपेक्षाही न्यायालयानं व्यक्त केली. पुढे रण विजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात हे आणखी पक्कं झालं : शंका उरली तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, उमेदवाराला नाही.

आता ही कसोटी 'तू पुस्तक वाचलेस' ला लावून बघा. एका बाजूला संकर म्हणणारे जाणकार, दुसऱ्या बाजूला कर्मणी म्हणणारे जाणकार. उत्तरतालिकेत काहीही छापा, कुणीतरी समंजस जाणकार तिच्या बाजूला निघणारच! ज्या प्रश्नाला दोन उत्तरं असतात त्याचं कुठलंच उत्तर 'स्वच्छ चूक' ठरवता येत नाही. म्हणजे प्रश्न जितका वाईट, तितकी त्याची उत्तरतालिका सुरक्षित. संदिग्ध प्रश्न काढणाऱ्याला याहून भक्कम चिलखत कोण देणार?

'चाळणी तर लावायलाच हवी'

या सगळ्यावर एक उत्तर हमखास येतं, आणि ते फालतू नाही. लाखो अर्ज, हजारो जागा. पेपर मशीननं तपासायचे. कुणाला तरी बाहेर ठेवायचंच आहे. सगळ्यांना तोच पेपर, तीच तालिका, मग अन्याय कुठे? क्रिकेटमध्ये नाही का नाणेफेक करत?

नाणेफेक प्रामाणिक असते, हा फरक आहे. ती कुणाला म्हणत नाही की तू हरलास कारण तुला खेळ येत नाही. नाणेफेकीसाठी कुणी पुण्यात खाट भाड्यानं घेऊन तीन वर्षं सराव करत नाही. आणि चाळणी सगळ्यांना सारखी हे तरी कुठे खरं आहे? ज्याला पाच पुस्तकं घेऊन ताडून बघता येतात, ज्याला 'यंदा हे धरा' असं सांगणारा महागडा क्लास परवडतो, त्याला संदिग्ध प्रश्न सोपा जातो. गावातल्या वाचनालयातल्या एका जुन्या प्रतीवर अभ्यास करणाऱ्या मुलीला तो अवघड जातो. तिचं मराठी कदाचित त्याच्यापेक्षा चांगलं असेल. पण परीक्षेनं मराठी विचारलंच कुठे?

मशीननं तपासायचं म्हणून वाईट प्रश्न काढावे लागतात, हेही खोटं. हा प्रश्न बघा : 'तिने गाणे म्हटले' या वाक्यात 'गाणे' ऐवजी 'आरती' घातलं तर क्रियापदाचं काय होईल? 'म्हटली' होईल. उत्तर एकच आहे, मशीनला तपासता येतं, आणि इथे मुलाला प्रयोग खरोखर समजलाय का ते कळतं. कारण कर्म बदलल्यावर क्रियापद बदलणं हाच कर्मणी प्रयोगाचा आत्मा. नाव पाठ असो वा नसो. 'मांजराने उंदीर पकडला' आणि 'मांजराने उंदरास पकडले' ही दोन वाक्यं द्या आणि विचारा, 'उंदीर' च्या जागी 'चिमणी' आली तर कुठल्या वाक्यात क्रियापद बदलेल. 'पकडली' आणि 'चिमणीस पकडले'. वाद नाही, हरकत नाही, शुल्क नाही. असे प्रश्न काढायला वेळ लागतो एवढंच. जुन्या पेपरातून उचलता येत नाहीत.

कान कापणारी परीक्षा

नोकरीपलीकडचं नुकसान मोजता येत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

'मराठी भाषेचे पाणिनी कोण?' हा सामान्यज्ञानाचा लाडका प्रश्न. उत्तर दादोबा पांडुरंग तर्खडकर, हे पाठ असतं. त्यांचं व्याकरण १८३६ मध्ये आलं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आलं. कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांच्या पुस्तकाचं तर नावच 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' आहे. म्हणजे मराठी व्याकरण ही भांडणारी, खोडून काढणारी, पुन्हा मांडणारी परंपरा आहे. विभक्तीचा साचा संस्कृताचा, शब्दांच्या आठ जातींचं वळण इंग्रजी व्याकरणाचं. हे दोन मागून आणलेले सदरे मराठीच्या अंगाला कुठे दाटतात, कुठे ढिले पडतात, यावर आपल्या अभ्यासकांनी आयुष्यं घालवली. त्या सगळ्या भांडणातून तयारीच्या पुस्तकानं भांडण काढून टाकलं आणि चार पर्याय ठेवले. परंपरेचं नाव पाठ, परंपरेची सवय शून्य.

दुसरं नुकसान कानाचं. 'बाग' कोकणात, देशावर, कुणाच्या घरात तो आहे, कुणाच्या घरात ती. 'वेळ', 'ढेकर', 'तंबाखू' यांचंही तसंच. कोशांनाही ते मान्य आहे. पण प्रश्न येतो, 'लिंग ओळखा', आणि नागपूरकडची मुलगी आजीच्या तोंडचं रूप आठवून थबकते. तिला ५४ सेकंदांत शिकवलं जातं की आजी चूक. 'मंत्रीमंडळ' की 'मंत्रिमंडळ'? साहित्य महामंडळाच्या, शासनानं स्वीकारलेल्या लेखननियमांत ऱ्हस्व आहे; रोजच्या वर्तमानपत्रात सर्रास दीर्घ दिसतो. वाचून वाचून ज्याची नजर तयार झाली तो इथे पडतो, आणि ज्यानं एक ओळही न वाचता नियम घोकला तो तरतो. वाचनाचीच शिक्षा होते.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले, स्टेटस ठेवले. पुढच्या महिन्यात बाजारात आलेल्या प्रश्नसंचांत एक प्रश्न वाढला : मराठीला अभिजात दर्जा कोणत्या दिवशी मिळाला? हाच आमचा अभिजातपणा. तारीख विचारू, भाषा नको.

मागण्या, साध्याच

नवं मंडळ, नवी समिती असलं काही मागत नाही. पाच गोष्टी.

एक, समास, शब्दजात, विभक्ती, प्रयोग यावरचा कुठलाही प्रश्न वाक्याशिवाय विचारू नये. दोन, परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनं अभ्यासक्रमातच सांगावं : आम्ही अमुक परिभाषा, अमुक वर्णमाला आणि अमुक लेखननियम धरतो. 'धरायचं'च असेल तर निदान उघडपणे धरा. तीन, अंतिम उत्तरतालिकेत बदललेल्या आणि रद्द झालेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एका ओळीचं कारण छापावं. आज नुसतं '#' किंवा 'रद्द' वाचून पुढचा पेपर काढणाराही काही शिकत नाही. चार, प्रकाशकांनी प्रत्येक आवृत्तीसोबत दुरुस्त्यांची यादी द्यावी. 'सुधारित आवृत्ती' छापता, तर काय सुधारलं ते सांगा. मोबाइलमधलं फुकट ॲपसुद्धा अपडेट करताना काय बदललं ते लिहितं; तुम्ही तर पाचशे रुपये घेता. पाच, नावं ओळखायला लावणारे प्रश्न कमी करा, भाषा वापरायला लावणारे वाढवा. उद्या हा तलाठी शेतकऱ्याला नोटीस लिहिणार आहे. ती त्याला एका वाचनात कळली पाहिजे. नोटिशीतला प्रयोग कर्तरी की भावे, हे शेतकरी विचारणार नाही.

हे होईपर्यंत तयारी करणाऱ्यांनी काय करायचं? परीक्षेपुरतं धरा, पोट कुणाला चुकलंय. पण वहीत दोन रकाने करा. एकात 'आयोगाचं उत्तर', दुसऱ्यात 'मला पटलेलं उत्तर, आणि का'. दुसरा रकाना कुणी तपासणार नाही, त्याला गुण नाहीत. मामेभावाला मी सध्या एवढंच सांगतो. त्याचा पहिला रकाना माझ्यापेक्षा कितीतरी पक्का आहे. दुसऱ्यात त्यानं परवा लिहिलं होतं : 'प्रश्नातच वाक्य नाही. वाक्य द्या, मग समास सांगतो.'

मला तर हेच त्या प्रश्नाचं एकमेव बरोबर उत्तर वाटतं. चार पर्यायांत ते नव्हतं.